पाच घरं झाली, मास्तर

मंडळी, आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो. उत्तर मोठ्यानं देऊ नका, मनात द्या. समजा, कुणी तुम्हाला तुमच्या विश्वासाबद्दल अवघड सवाल केला. आणि तुम्ही त्याला अगदी बरोबर उत्तर दिलंत — शास्त्राला धरून, कुणाला खोडता येणार नाही असं. तर ते उत्तर खोटं असू शकतं का?

बरोबर, पण खोटं. असं होतं का?

हे समोरचे आजोबा मान हलवतायत. नाही म्हणतायत. आजोबा, आधी ऐका. मग ठरवा.

नगर जिल्ह्यात माळखिंड नावाचं गाव होतं असं धरून चाला. गावकुसाबाहेर दोन वस्त्या. एक ओढ्याच्या अलीकडं, तिला म्हणत वरली आळी. दुसरी ओढ्याच्या पलीकडं, ती खालली वस्ती. गावानं दोघांनाही विहिरीला हात लावू दिला नव्हता, दोघांनाही देवळाच्या पायरीवरून हाकललं होतं. मग या दोघांनी एक व्हावं की नाही? पण माणसाची रीत तुम्हाला ठाऊक आहे. ज्याला लाथ बसते तो आधी खाली बघतो, आपल्या पायाशी कुणी आहे का. वरल्या आळीला ओढ्यापलीकडचे सापडले. त्यांच्या हातचं पाणी नको, त्यांच्याशी सोयरीक नको.

जातींची नावं मी घेणार नाही, मंडळी. तुम्ही मनात घेतलीतच.

वरल्या आळीला आजोबा-पणजोबांच्या काळात मिशनरी साहेब भेटला. सगळी आळी ख्रिस्ती झाली. चर्च उभं राहिलं, शाळा झाली. कुणी शिक्षक झालं, कुणी नर्स, कुणी कारकून. ओढ्यापलीकडं यातलं काही गेलं नाही. ओढ्याला पाणी किती? घोटाभर. सत्तर वर्षं कुणाच्यानं ते ओलांडवलं नाही.

या वरल्या आळीत राहत शांतवन मास्तर. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले, चर्चचे पंच, आणि जिल्हाभर नाव असलेले प्रचारक. नाव कशासाठी? उत्तरांसाठी. त्यांच्याकडं एक जाडजूड वही होती. लोकांनी विचारलेला प्रत्येक अवघड प्रश्न तीत टिपलेला आणि खाली त्याचं उत्तर. बाजारात एक पाटील म्हणाला, "मास्तर, तुमचा देव गोऱ्यांनी आणलेला." मास्तर म्हणाले, "मिरची पण गोऱ्यांनीच आणली, पाटील. तुमच्या ठेच्यात ती परकी लागते का?" सगळा बाजार हसला. पाटीलही हसला. हा प्रश्न नंबर सतरा.

हसताय, हसा. मास्तर होतेच तसे. पण एक सांगून ठेवतो — मास्तर ढोंगी नव्हते. ढोंग्याची गोष्ट सांगायला सोपी असते आणि ऐकून घरी जाताना आपल्याला बरं वाटतं, की आपण त्यातले नाही. तसं बरं मी तुम्हाला वाटू देणार नाही. एखाद्या बाईनं विचारलं, "देव मायाळू आहे, तर माझं लेकरू का नेलं?" तर मास्तर वही उघडत नसत. लेकराचं नाव विचारत. तासभर तिच्याजवळ बसून राहत. चांगला माणूस होता. आणि निवृत्त झाल्यावर सत्तर वर्षांत कुणी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. चपला हातात घेतल्या आणि ओढा ओलांडला.

पलीकडं त्यांना भेटला गेनबा वाजंत्री. बँडचा म्होरक्या, क्लॅरिनेट वाजवायचा. पंचक्रोशीतलं लग्न गेनबाशिवाय लागत नसे. पण मांडवात त्याला जागा नसे, आणि पंगत उठल्यावर उरलेलं त्याच्या पातेल्यात. गावदेवीच्या जत्रेत पालखीपुढं वाजवायचा मान मात्र त्याच्या घराण्याचा. बायको हौसाबाई, आणि एक मुलगा, लक्ष्मण. आयटीआय करून वीज मंडळात वायरमन झालेला, सरळ मुलगा. मामाच्या मुलीशी त्याचं लहानपणीच ठरलेलं.

मास्तर दर गुरुवारी जात. गेनबाच्या अंगणात बसत, प्रभूच्या गोष्टी सांगत. गेनबा ऐकायचा. वर्षभर ऐकलं, एक प्रश्न विचारला नाही. प्रश्नांची सवय झालेल्या मास्तरांना चुकल्यासारखं वाटू लागलं. वर्षानंतर एका गुरुवारी गेनबा म्हणाला,

"मास्तर, एक इचारू?"

"विचार की. दहा विचार."

"एकच हाय. उद्या मी तुमच्या देवाचा झालो, तर मामाची पोरगी गेली. मग तुमच्या आळीतली पोरगी माझ्या पोराला मिळंल का?"

बघा, मंडळी. हा प्रश्न वहीत नव्हता.

मास्तर म्हणाले, "अरे, प्रभूच्या घरात आळ्या नसतात. तिथं सगळे एका रक्ताचे."

"देवाच्या घराचं न्हाई इचारलं, मास्तर. तुमच्या आळीचं इचारलं."

"आळीचंही तेच."

"कुनाची बी मिळंल?"

"कुणाचीही."

"शब्द?"

मास्तरांनी क्षणभर हौसाबाईकडं पाहिलं. ती चुलीपुढं हात थांबवून ऐकत होती. "शब्द," मास्तर म्हणाले.

उत्तर चुकीचं होतं का? नाही. एक अक्षर चुकीचं नव्हतं. पण परत येताना ओढ्यात मास्तरांच्या पोटात काहीतरी हललं. त्यांना वाटलं, भूक लागली. घरी येऊन त्यांनी भाकरी खाल्ली, वहीत तो प्रश्न लिहिला, खाली उत्तर लिहिलं, आणि त्यांना बरं वाटलं.

मंडळी, आपण ख्रिस्ती लोक म्हणतो ना, विश्वासणाऱ्याला पारख हवी, खरा आत्मा कुठला, खोटा कुठला ते ओळखता यावं. आणि मग आपण जगातले खोटे संदेष्टे शोधत हिंडतो. पारख करायची ती पोटात हललं तेव्हा. ते काय होतं ते मास्तरांना ओळखता यायला हवं होतं. त्यांनी त्यावर भाकरी टाकली.

ईस्टरला पलीकडच्या पाच घरांचा बाप्तिस्मा झाला. गेनबाचं घर पहिलं. जिल्ह्यातून पाहुणे आले, मास्तरांच्या गळ्यात हार पडले. गेनबानं पालखीपुढं वाजवणं सोडलं. त्याचा सख्खा भाऊ किसन येऊन म्हणाला, "आजपासून तू मला मेलास." आणि लक्ष्मणच्या मामानं निरोप धाडला — पोरगी देणार नाही. बाटलात ना, आता त्यांच्यातच बघा.

त्यांच्यातच बघा. ठीक. गेनबाला त्याची भीती नव्हती. त्याच्याकडं मास्तरांचा शब्द होता.

आता इकडं चर्चमध्ये काय झालं ते ऐका. इतकी वर्षं प्रभुभोजनाच्या विधीला द्राक्षरसाचा एकच प्याला फिरायचा. सगळ्यांचे ओठ एका प्याल्याला. पाच घरं आली, आणि दुसऱ्याच महिन्यात पंचांच्या बैठकीत ठराव आला — आरोग्याच्या दृष्टीनं प्रत्येकाला वेगळा छोटा पेला असावा. सत्तर वर्षं ज्यांना खोकला झाला नव्हता त्यांना एकदम आरोग्याची काळजी! मास्तर त्या बैठकीत होते. त्यांना कळलं नाही का? कळलं. त्यांनी खाली सही केली. छोट्या गोष्टीवरून मंडळीत फूट कशाला, असं स्वतःला सांगितलं.

आणि आणखी एक. गेनबा मास्तरांपेक्षा चार वर्षांनी मोठा. तरी मास्तर त्याला 'अरे' म्हणत आणि तो मास्तरांना 'अहो'. बाप्तिस्म्याआधी तसं होतं. बाप्तिस्म्यानंतरही तसंच राहिलं. मास्तरांच्या लक्षातही आलं नव्हतं.

दोन वर्षं गेली. लक्ष्मण सत्तावीस वर्षांचा झाला. गेनबा आळीत मुली बघू लागला. पहिल्या घरी म्हणाले, मुलगी अजून शिकतेय. दुसऱ्या घरी म्हणाले, नात्यात शब्द गेलाय. तिसऱ्या घरी मुलगा सावळा पडला — आणि ते सांगणारा गृहस्थ, काय सांगू, त्याच्यापुढं तव्याचं बूडही गोरं दिसावं! चौथ्या घरी चहा दिला आणि विषयच काढू दिला नाही. पाचव्या घरी दार उघडलं नाही. आत रेडिओ चालू होता.

मग एका रविवारी दुपारी गेनबा आणि हौसाबाई मास्तरांच्या घरी आले. धुतलेलं धोतर, पेढ्यांचा पुडा. मास्तरांची मुलगी सलोमी, बालवाडीत शिकवायची, तिनं पाणी आणून दिलं. मास्तरांच्या पत्नी, एस्तेरबाई, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. गेनबा खुर्चीच्या कडेवर टेकला.

"पाच घरं झाली, मास्तर," तो म्हणाला. "सहावं तुमचं."

मास्तरांना कळलं. एस्तेरबाईंच्या हातातल्या बांगड्या वाजायच्या थांबल्या, तेही कळलं. आणि त्यांच्या तोंडून काय निघालं असेल? नाही म्हणाले का? नाही म्हणायला हिंमत लागते. हो म्हणाले का? त्याला तर फारच लागते. ते म्हणाले,

"गेनबा, लग्न ही मोठी गोष्ट. आपण प्रार्थना करू. प्रभूची इच्छा काय आहे ते बघू."

गेनबाचा चेहरा उजळला. खरंच उजळला. त्याला वाटलं, पाचही घरांनी निमित्तं सांगितली, या घरानं देवाला विचारायचं ठरवलं. "किती दिस लागतील?" त्यानं विचारलं.

"प्रभूची वेळ आपल्याला कशी सांगता येणार?"

"बरं. मी बी करतो."

पुढच्या रविवारी उपासना सुटली. गेनबा चर्चच्या दाराशी थांबला होता. "कळलं का काही, मास्तर?" मास्तर म्हणाले, "अजून नाही." त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा, "कळलं का काही?" असे आठ रविवार. गेनबा आणि हौसाबाई दर शुक्रवारी उपास करत होती. नवीन माणसं, मंडळी. त्यांना वाटत होतं, देवाला विचारलं की देव सांगतो.

आणि मास्तर? त्या आठ आठवड्यांत या गोष्टीसाठी त्यांनी एकदाही गुडघे टेकले नाहीत. बाकी सगळ्यासाठी टेकले. पावसासाठी टेकले, आजाऱ्यांसाठी टेकले. हा एक विषय आला की ते प्रार्थना आवरती घेत. का? देव काय म्हणेल ते त्यांना माहीत होतं म्हणून.

तिकडं एस्तेरबाईंनी सोलापूरला भावाला पत्र टाकलं होतं. भावानं मुलगा शोधला. बँकेत नोकरी, आपल्यातला. नवव्या रविवारी गेनबा दाराशी उभा होता.

"कळलं का काही, मास्तर?"

मास्तरांनी इकडंतिकडं पाहिलं. "कळलं, गेनबा. प्रभूनं दुसरीकडं दाखवलंय. सलोमीचं सोलापूरला ठरलं."

"देवानं सांगितलं तसं?"

तो टोमणा नव्हता, मंडळी. तो खरंच विचारत होता. आणि इथं, या एका जागी, मास्तरांना वाट होती. म्हणायचं होतं, नाही रे, देवानं नाही सांगितलं, मी माझ्या माणसांना भ्यालो. एवढंच. गेनबाला वाईट वाटलं असतं, राग आला असता. मास्तर म्हणाले,

"हो."

गेनबानं पायात चपला घातल्या. मग म्हणाला, "म्हंजे देवाला बी आळी हाय." आणि हौसाबाईला घेऊन निघून गेला.

पेटी थांबवा जरा, भाऊ. सूर नको इथं.

त्या संध्याकाळी सलोमीनं वडिलांना विचारलं, "बाबा, दारात मी ऐकलं. देवानं सांगितलं म्हणालात. खरंच विचारलं होतंत?"

मास्तर म्हणाले, "तुझ्या भल्यासाठीच—"

"मला लक्ष्मणच हवा होता असं नाही. मी त्याच्याशी चार वाक्यं बोलले नाही. पण मला तुम्ही विचारलं नाहीत, म्हणालात देवाला विचारतो. मग देवाला तरी विचारलंत का?"

प्रश्न नंबर किती ते कुणाला ठाऊक. मास्तर उठून अंगणात गेले.

लग्न झालं. मुलगी सोलापूरला गेली. सासर वाईट नव्हतं. पण वडिलांना पत्र लिहिताना ती वर 'तीर्थरूप' लिहायची, ते तिनं बंद केलं. नुसतं 'बाबांस'.

पाच घरं चर्चला यायची थांबली. महिना गेला. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "मास्तर, जाऊन बघा. तुमचीच माणसं ती." मास्तरांनी ओढा ओलांडला. अंगणात गेनबा एकटाच बसला होता. उठला नाही. हौसाबाईनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि आत गेली.

"लक्ष्मण कुठं?" मास्तरांनी विचारलं.

"बदली मागून घेतली. चंद्रपूरला गेला. म्हनला, आता कुठल्याच देवाचं नाव माझ्यापुढं काढू नका." गेनबा गुडघ्यावरची धूळ झटकत राहिला. "किसनकडं गेलो व्हतो. म्हनलं, भाऊ म्हनून घे. त्यो म्हनला, बाटलेल्याला न्हाई. तुमच्यात मला घेतलं न्हाई, ह्यांच्यात मी उरलो न्हाई."

मास्तर त्याच्यासमोर खाली बसले.

"मास्तर, एकच इचारतो. मागं बी एकच इचारला व्हता." गेनबानं मान वर केली. "देव खरंच बोलला व्हता का? बोलला असंल, तर मी त्याला सोडतो. बोलला नसंल, तर तुमाला सोडतो. दोघातल्या एकाला तरी मला धरू द्या. मी एवढं सगळं सोडून आलोय."

जिल्हाभर उत्तरं देत हिंडलेला माणूस तो. त्यांना कळत होतं, हो म्हटलं तर आपलं नाव राहतं आणि देव या अंगणातून जातो. नाही म्हटलं तर देव राहतो आणि आपण जातो.

मास्तर म्हणाले, "नाही बोलला."

"न्हाई?"

"मी विचारलंच नाही, गेनबा. विचारायला भ्यालो. तो हो म्हणाला असता. आळी माझी आहे. त्याची नाही."

गेनबानं डोळे मिटले. रडला नाही. मग म्हणाला, "हे त्या दिशी दारात सांगितलं असतं, तर पोरगं माझं हितं असतं."

"गेनबा, मला क्षमा—"

"ते मी आन् देव बघू. तुमी आता येऊ नका, मास्तर. ह्या अंगनात प्रार्थना व्हईल. पाच घरं बसतील. पर तुमी नका येऊ."

मास्तर उठले. तांब्यातलं पाणी त्यांनी प्यायलं नव्हतं, हे त्यांना ओढ्यात आल्यावर आठवलं. परत जाता येईना.

तुम्ही म्हणाल, झालं, मास्तर सुधारले, शेवट गोड. थांबा. पुढच्या रविवारी मास्तर उपासनेत उभे राहिले. म्हणाले, "मला मंडळीपुढं कबुली द्यायची आहे. मी देवाच्या नावानं खोटं बोललो. आणि का बोललो ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, कारण पाच दारं तुमची होती." एवढं बोलले तोच एक पंच उठला. म्हणाला, "मास्तरांची तब्येत बरी नाही. मुलगी सासरी गेल्यापासून त्यांना जड जातंय." दुसऱ्यानं मास्तरांचा दंड धरून त्यांना बसवलं. पाळकसाहेबांनी गायन सांगितलं, आणि सगळे मोठ्यानं गाऊ लागले. मंडळी, इतक्या जोरात त्या चर्चमध्ये कधी गायलं गेलं नव्हतं. उपासनेनंतर मास्तरांना कुणीतरी साखर जास्त घालून चहा आणून दिला. एस्तेरबाई घरी म्हणाल्या, "झालं ना तुमचं मन हलकं? आता पुरे."

वर्षभरानं पंचांची निवड झाली. मास्तरांचं नाव त्यात नव्हतं. प्रचाराला त्यांना कुणी बोलावेना, आणि ते स्वतःही जाईनात. सहा वर्षांनी वारले. पलीकडून पाचही घरं मातीला आली. ओढा ओलांडून आली, कबरीपाशी सगळ्यांच्या मागं उभी राहिली. गेनबानं मूठभर माती टाकली आणि कुणाशी न बोलता परत गेला. वरल्या आळीतलं कुणी त्याला थांब म्हणालं नाही.

आता आजोबा, सांगा. बरोबर उत्तर खोटं असू शकतं का? या वेळी मान हलली नाही. मला दिसलं.

मंडळी, अवघड प्रश्नांची भीती बाळगू नका. जग कुणी केलं, दुःख का आहे, इतके धर्म का — यांची उत्तरं लोक एकमेकांना रोज देतात, आणि कुणाचा दरवाजा त्यानं वाजत नाही. खरा प्रश्न विचारणारा तुमच्या देवाबद्दल विचारत नसतो. तो तुमच्या घराबद्दल विचारतो. आणि तुमचं उत्तर तो वहीत लिहून घेत नाही. तो त्यावर आपलं सगळं सोडून येतो. म्हणून उत्तर देण्याआधी घरी जा, बायकोला विचारा, आईला विचारा, आपल्या पोटाला विचारा. आणि शब्द पाळता येणार नसेल तर निदान एवढं करा, आपली भीती आपल्या नावावर ठेवा. देवाच्या नावावर ती खपवू नका. त्याच्याजवळ आपल्यासारख्यांसाठी क्षमा आहे, पण त्याला खोटा पाडलात तर मग तहानलेल्या माणसानं जायचं कुणाकडं?

शेवटचं सांगतो आणि थांबतो. कीर्तनकार इथं उंचावर उभा असतो, त्याला सगळा मांडव दिसतो. तुम्हाला बसल्या जागी दिसत नाही. मधली ही सतरंजी रिकामी आहे. डावीकडं दाटी, उजवीकडं दाटी, मधे दोन हात जागा. ती कुणी आखून दिली नाही. तुम्ही आलात आणि आपोआप तसे बसलात. कोण कुठं बसलंय ते मी ओळखतो, आणि तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता.

आरती मी आत्ता सुरू करणार नाही. मला घाई नाही. कुणाला उठून पलीकडं बसायचं असेल, तर मी थांबतो.